टिपकणारी फळी

“मग मला अनुग्रह कधी देणार, बुवा?”

धाकूबुवा फाटकं जाळं सांधत होते. हातातली गाठ मारून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“राग गेला का तुझा?”

“कधीचाच! आता मनात थेंबभर राग नाही माझ्या.”

छातीवर हात ठेवून असं सांगणारा हा बाबल. तरीवाडीच्या खाडीकाठी धाकूबुवांची मठी होती, आणि मठीची एक होडी. गावच्या माणसांना पलीकडच्या बाजाराला नेणं-आणणं हीच बुवांची सेवा. आई गेल्यावर बाबल घर सोडून बुवांपाशी आला, आणि होडी तो चालवू लागला. पोथ्या पाठ, अभंग पाठ, पहाटेची आंघोळ कधी चुकायची नाही. पोरगा गुणाचा, पण आपल्या गुणांची मोजदाद स्वतःच करायचा, एवढीच काय ती खोड.

त्याचा थोरला भाऊ वासूदादा दर बाजाराला याच होडीतून जायचा. आधी बाबल त्याच्याकडे पाठ फिरवून उभा राहायचा. आता हसून हात जोडायचा. “या. बसा. सावकाश उतरा बरं का!”

गावात वाहवा झाली. बाबल साधू झाला हो!

“वासूला अहो-जाहो कधीपासून करतोस?” बुवांनी विचारलं.

“मान देतो, बुवा. थोरला आहे ना.”

“हं... आणि होडी कशी आहे?”

“कोरडी ठणठणीत! चला, दाखवतोच.”

होडीच्या मागच्या जाड फळीला मशीन बोल्टांनी आवळलेलं होतं. फळी पोटात लाकडाची, दोन्ही अंगांनी वरून फायबर चढवलेलं. बोल्टांच्या भोकांतून पाणी आत टिपकायचं आणि उतारू पाय वर घेऊन कुरकुरत बसायचे. बाबलनं पुट्टी आणून नटांभोवती अशी थापली, की टिपकणं बंद. वर निळा रंगही मारला.

बुवांनी त्या रंगावरून बोट फिरवलं.

“झकास. आणि बाहेरून काय केलंस?”

“बाहेरून कशाला? गळत होतं ते आत!”

बुवांनी पाना मागितला, पुट्टी खरवडली, नट सोडला. बोल्ट नुसत्या दोन बोटांनी ओढला तर सुळकन बाहेर आला. त्याच्यामागून काळं पाणी ओघळलं, आणि अशी काही घाण सुटली की बाबलनं नाकाला हात लावला.

मग बुवांनी भोकात पेचकस घातला. तो भोकाच्या कडेतून आडवा लाकडात मुठीपर्यंत घुसला. बाहेर आलं ते लाकूड कुठलं हो, भिजलेली चहापत्ती!

बाबलच्या तोंडचं पाणी पळालं. कालच होडी बायकापोरांनी खच्चून भरली होती. ऐन खाडीत ही फळी मशीनसकट निखळली असती तर...

“पण बुवा, पाणी तर बंद झालं होतं!”

“दिसायचं बंद झालं होतं. बाहेरून शिरत होतं ते शिरतच राहिलं, लाकडात मुरत.” बुवांनी फळीवर हात ठेवला. “टिपकत होतं तोवर बरं होतं रे.”

बाबल मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, “आता काय करू?”

“भोक मोठं कर.”

“मोठं? अहो, बुजवायचंय ना ते?”

“सडकं आहे तिथपर्यंत मोठं कर. चांगलं लाकूड लागेपर्यंत थांबू नकोस.”

होडी काठावर ओढून घेतली. बाबल पटाशीनं कोरायला बसला. बुवा खाली डबा धरून समोर बसले.

“आई गेली तेव्हा तू कुठे होतास?” बुवांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“ट्रॉलरवर होतो. खोल समुद्रात.”

“वासूनं कळवलं नाही?”

“नाही. जाऊ द्या. माझ्या मनात काही नाही.”

पटाशी जोरात आत गेली. डब्यात काळा भुगा पडला.

“अजून आहे का?”

“आहे.”

“काढ.”

बाबल कोरत राहिला. कोरता कोरता एकाएकी तो ओरडला, “वायरलेस होता ना बोटीवर! एक निरोप द्यायला काय झालं होतं त्याला? मी घरी आलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती, बुवा! मला तिचं तोंड दिसलं नाही!”

मेल्या, एवढं होतं पोटात, असं बुवा म्हणाले नाहीत. डबा त्यांनी तसाच धरून ठेवला.

“अजून आहे?”

“आहे...” बाबल हुंदके देत म्हणाला.

“काढ.”

उन्हं कलली तेव्हा पटाशी खणखणीत वाजली. चांगलं लाकूड लागलं होतं.

पुढे फळी उन्हात चांगली वाळू दिली. बुवांनी सगळी भोकं रेझिन आणि भुशाच्या लगद्यानं गच्च भरून घेतली. तो दगडासारखा घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टापुरतं नवं भोक पाडायला लावलं. आता पाणी शिरलंच, तरी लाकडाला शिवणार नव्हतं. पुट्टीही लावली ती बाहेरून, बोल्टाच्या डोक्याखाली.

बाजाराच्या दिवशी होडी पुन्हा पाण्यात उतरली. संध्याकाळी पलीकडून हाक आली. “होऽऽ!”

वासूदादा एकटाच मागे राहिला होता. बाबल होडी घेऊन गेला. सवयीनं त्याचे हात वर आले, पण जोडले गेले नाहीत. वासूदादा आत येऊन बसला.

ऐन खाडीत बाबलनं मशीन बंद केलं.

“दादा, तू मला का नाही कळवलंस?”

वासूदादानं दचकून वर पाहिलं. कितीतरी दिवसांत धाकट्यानं त्याला ‘तू’ म्हटलं नव्हतं.

“आईनंच नको म्हटलं रे,” तो म्हणाला. “वादळ होतं ना तेव्हा. निरोप गेला तर पोर तसाच निघेल, म्हणाली. माझ्याकडून शपथ घेतली.”

“मग मागाहून तरी सांगायचंस!”

“कसं सांगू? तू आधी पाठ फिरवायचास. मग ‘या, बसा’ करायला लागलास. एकदा भांडला असतास, माझी गचांडी धरली असतीस, तर सांगितलं असतं.”

होडी ओहोटीबरोबर हळूहळू वाहत होती. दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

काठाला लागले तेव्हा अंधारून आलं होतं. बुवा कंदील घेऊन उभे होते. बाबल चिखलातून धावत वर आला आणि त्यानं त्यांचे पाय घट्ट धरले.

“बुवा, फार उपकार केलेत. माझी आई मला परत मिळाली. दादा मिळाला. हे ऋण कसं फेडू मी?”

अनुग्रहाचं विचारायचं राहूनच गेलं. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

बुवांनी त्याला उठवलं. “होडीत पाणी आलं का?”

“एक थेंबही नाही.”

बुवांनी कंदील वर धरला. आधी वासूच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाबलच्या. बाबल ओशाळला आणि डोळे पुसायला त्यानं बाही वर केली.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे रे... टिपकतंय तोवर बरं आहे.”