ठकूच्या रांजणातलं शिळं पाणी

आपल्या पणज्यांच्याही पणज्या परकर नेसून सागरगोटे खेळत होत्या, त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि गावात एकच विहीर जिवंत राहिली. तेव्हा पंचांनी नियम केला. उजाडताना विहिरीवर यायचं, घरटी दोन कळशा न्यायच्या, वर थेंबभरही मागायचं नाही. नियम चांगलाच होता. पण माणसं कशी असतात बघा!

त्या गावात गोजरा नावाची एक सून होती. घर कसं लख्ख ठेवायची. लग्न होऊन आली तेव्हाच सासूने तिला बजावलं होतं, "रात्र उलटली की पाणी शिळं होतं. शिळं पाणी प्यायचं नाही, देवापुढे ठेवायचं नाही. रोज ओतायचं, रोज ताजं भरायचं." गोजराने हे कधी मोडलं नाही. अहो, दुष्काळातसुद्धा नाही! पहाटे उठायची आणि आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी, कधी तांब्याभर, कधी अर्धी कळशी, उंबऱ्यापुढे खुशाल ओतून द्यायची. शिवाय कळशी रिकामी नसली तर विहिरीवर तेवढं पाणी कमी मिळणार. मग आपला वाटा का सोडायचा? आणि ती एकटीच नव्हे, सगळं गाव हेच करत होतं.

ओतत नव्हती ती फक्त तिची धाकटी जाऊ, ठकू. पाण्याची पाळी तिची असली की उरलेलं पाणी ती फडक्यातून गाळून रांजणात ठेवायची आणि वर झाकण घालायची. रांजणात पुरेसं असलं की विहिरीवर एकच कळशी घेऊन जायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. गोजराला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "सासूला शिळं पाणी पाजतेस? लाज नाही वाटत?" म्हणून तिने एक दिवस भांडण काढलं आणि ठकूला वेगळी चूल मांडायला लावली. "तुझ्या घरचं पाणी आमच्या ओठाला लागायचं नाही," हेही वर ऐकवलं. ठकू रांजण घेऊन शेजारच्या खोपटात गेली आणि तिथेही तो भरत राहिली.

मग वैशाखातली ती सकाळ आली. सासू आदल्या दिवसापासून तापाने फणफणली होती. गोजराने नेहमीसारखं पाणी ओतलं आणि कळशा घेऊन ती विहिरीवर गेली. म्हाताऱ्या पंचाने पोहरा खाली सोडला. खण्ण! तळाच्या दगडावर आवाज झाला. पोहरा वर आला तो नुसता चिखलाने माखलेला. रांगेतल्या बायका पुढे सरकून विहिरीत डोकावल्या. त्याने पुन्हा पोहरा सोडला. पुन्हा तेच.

"झरा आटला," म्हातारा म्हणाला. "नदीच्या डोहावर गाड्या पाठवतो. पण त्या उद्या सकाळशिवाय यायच्या नाहीत. आजचा दिवस घरात आहे त्यावर काढा, बायांनो."

घरात आहे त्यावर? घरात होतं काय? आत्ताच तर जिने तिने आपल्या हाताने ओतून टाकलं होतं!

गोजरा धावत घरी आली. सासूच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. "गोजरे, घोटभर पाणी दे गं," ती पुटपुटली. गोजराने शेजारचं दार ठोठावलं, पलीकडचं ठोठावलं. "अगं, आम्ही पण ओतलं गं!" जिथे जावं तिथे हेच. शेवटी ती आपल्याच उंबऱ्यापुढे बसली आणि सकाळची ओली माती मुठीत धरून पिळू लागली. बोटांना चिखल तेवढा लागला.

मग मात्र ती उठली आणि ठकूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अक्का, अशा काय उभ्या? आत या की," ठकू म्हणाली. "आत्याबाईंचं कसं आहे?"

"ठके, पाणी आहे?"

"आहे की. पण गेल्या बाजारापासूनचं उरलंसुरलं आहे हो. तुम्हाला चालेल?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. गोजराला रडू कोसळलं.

ठकूने भरून दिलेला तांब्या गोजराने घरी नेला आणि सासू त्यातलं पाणी घोट घोट प्यायली. हळूहळू तिची नजर स्थिर झाली. "किती गोड गं! आत्ताच भरून आणलंस ना? ताजं?"

दोन उन्हाळे गोजरा असंच पाणी मातीत ओतत आली होती! "आत्याबाई, हे ठकूच्या रांजणातलं आहे," ती म्हणाली. "शिळं."

म्हातारीने तांब्यात डोकावून पाहिलं. म्हणाली, "मग पाणी शिळं होतं, हे मला कुणी सांगितलं होतं?"

त्या दिवशी ठकूच्या रांजणातलं पाणी गावातल्या आजाऱ्यांना आणि लेकरांना घोट घोट पुरलं. जनावरांपर्यंत काही पोचलं नाही. गोजराच्या गोठ्यातल्या एकुलत्या एका वासराने संध्याकाळी मान टाकली ती कायमचीच. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या तेव्हा रिकाम्या गोठ्याकडे तिला बघवेना. त्यानंतर त्या गावात कुणी उरलेलं पाणी ओतलं नाही, आणि दोन्ही जावांची चूल पुन्हा एक झाली.

तात्पर्य: वाट्याचं पाणी उरलं म्हणून ओतू नये; जो उरलेलं जपतो, त्याच्याच घरी अडीअडचणीला घोटभर पाणी असतं.