पहिलं उंबर

फार मागं एका सकाळी रानात असं धुकं दाटलं, की झाडाला झाड दिसेना. धनेश पक्षी निवांत उंबरं खात बसला होता. त्याची बायको अंडी उबवायला ढोलीत शिरून, दार लिंपून बसलेली. चोच निघेल एवढीच फट. सूर्य टेकडीवर आला की तिला घास न्यायचा, ही त्याची खूण. आज सूर्यच दिसला नाही, आणि तो विसरला.

धुकं विरलं तेव्हा ऊन कलतीला लागलेलं. त्याला एकदम ढोली आठवली. फटीशी जाऊन त्यानं हाक मारली, तर आत चिडीचूप. तिसऱ्या हाकेला कुठं चोचीचं टोक हललं. त्यानं घास भरवला.

शेजारचा सुतारपक्षी म्हणाला, "धनेशदादा, धुक्यात सूर्य हरवतो, भूक नाही हरवत. तुझ्या पोटानं हाक दिली, की पहिलं उंबर तिचं."