बगळ्यानं परत ठेवलेलं पोर

जनावरं एकमेकांशी बोलायची आणि फवारणीचा पंप गावात नुकताच आला होता, त्या काळातली ही गोष्ट. वांग्यांवर औषध मारून झालं, की मालक तो पंप शेजारच्या तळ्यात खळखळून धुवायचा.

त्या तळ्यात एका बेडकीची पोरं होती. बरीचशी अंड्यातच राहिली. उरलेल्यांना शेपट्या होत्या, पण पाय फुटायचं नाव नव्हतं.

"काय केलंस रे हे?" तिनं पंपाला विचारलं.

"मी फक्त अळ्या मारतो," पंप ऐटीत म्हणाला. "बाटलीवर अळीचं चित्रसुद्धा आहे."

"ते चित्र पाण्याला दाखवलंस का?"

शेजारी भेटायला आले. "पुढच्या वेळी सावलीत अंडी घाल," खेकडा म्हणाला. कासवानं "देवाची इच्छा" म्हटलं आणि जांभई दिली.

"देवाला वांगी आवडतात वाटतं," बेडकी म्हणाली.

शेवटी बगळा आला. बेडकी उसळली. "तू कशाला आलास, मेल्या? दरवर्षी माझी पोरं खाऊन ढेकर देतोस!"

"आजही खायलाच आलोय, मावशी. खोटं कशाला बोलू?"

त्यानं चोच बुडवून एक पोर उचललं. ते निसटायला धडपडलंसुद्धा नाही. बगळ्यानं त्याला अलगद परत पाण्यात ठेवलं.

"का? भूक नाही?" बेडकीनं विचारलं.

"भूक आहे," बगळा मान वळवून म्हणाला. "पण हे नको."

इतका वेळ सगळ्यांना उत्तरं देणारी बेडकी तेव्हा रडली.