मासा आणि कासव

घड्याळ अजून जन्माला यायचं होतं, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका गावात एकच पाट होता आणि त्या पाटावर सोळा मळे. कुणाच्या मळ्यात कधी पाणी सोडायचं, हे एकटा पाटकरीबाबा ठरवायचा. लिहिलेलं काहीच नव्हतं. सगळ्या बाऱ्या बाबाच्या डोक्यात.

ते डोकं आता गळायला लागलं होतं. गावाला हे ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. वय वाढलं की अक्कल वाढते, असं म्हाताऱ्यांनीच सांगून ठेवलेलं. मग म्हाताऱ्याला चुकलास म्हणायचं कुणी?

फटका बसला येसू नावाच्या पोरीच्या आईला. तिचा मळा सगळ्यात शेवटचा. पाण्याच्या दोन बाऱ्या हुकल्या होत्या आणि वांग्यांनी माना टाकल्या होत्या. आज तिसरी हुकली, तर सगळी झाडं जळणार होती. सकाळी आई बाबाकडे गेली, तर तो तिच्यावरच खेकसला, "साठ वर्षं पाणी सोडतोय मी! तुझं परवाच झालं. माझी आठवण कशी आहे, ते पारावरच्या पोरांना विचार. एकदाही हरलो नाही त्यांच्याकडून!"

हे मात्र खरं होतं. पारावर पोरं जोड्या खेळायची. लाखेचे गोल रंगीत पत्ते पालथे मांडायचे, एका खेपेला दोन उलटायचे, चित्रं जुळली की जोडी आपली. उन्हं कलली की बाबा येऊन बसायचा आणि रोज जिंकायचा.

शेळ्या राखण्यातून येसूला पारावर जायला कधी सवड मिळाली नव्हती. त्या दिवशी ती मुद्दाम गेली. एवढी पक्की आठवण असते तरी कशी, ते तिला बघायचं होतं.

बाबाने एक पत्ता उलटला. मासा. दुसरा उलटला. कासव.

"जुळली!" पोरं एका सुरात ओरडली. बाबाने दोन्ही पत्ते ऐटीत मांडीखाली सरकवले.

"कुठं जुळली?" येसू म्हणाली. "बाबा, हा मासा आहे अन् ते कासव."

शेजारच्या पोराने तिला चिमटा काढला. "गप की! आईनं सांगितलंय, बाबाला हरवायचं नाही."

तो कुजबुजला खरा, पण पोराची कुजबुज ती. पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली.

पारावर टेकलेला एक आजोबा गुरगुरला, "काय गं, थोरांचा मान ठेवायला शिकवलं नाही का तुला?"

"मान ठेवता ठेवता आमची वांगी मरायला टेकली की, आजोबा!" येसू जागची हटली नाही.

बाबाने पत्ते डोळ्यांजवळ नेले. एकदा हा पाहिला, एकदा तो. मग हळूच विचारलं, "कधीपासून चाललंय हे?"

पोरांनी माना खाली घातल्या. सगळ्यात धाकटं म्हणालं, "दोनदा आंबे येऊन गेले, बाबा."

बाबाचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही पत्ते पुन्हा पालथे मांडले. "आज पाण्याची बारी कुणाची रे?"

"येसूच्या आईची!" पोरांनी एकदमच सांगितलं. "परवा तुम्ही शेजारच्या मळ्यात सोडलंत, दुसऱ्यांदा!" दिवसभर पाटात डुंबणाऱ्यांना पाणी कुठं वळलं हे सांगावं लागतं होय?

बाबाने पारावरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

सगळे एकाएकी पिंपळाची पानं मोजायला लागले.

बाबा काठी टेकत उठला. "चल गं पोरी. पाटाचं दार उघडू."

दिवेलागणीच्या आत पाणी शेवटच्या मळ्यात शिरलं. वांग्यांच्या दोन ओळी गेल्याच, पण बाकीच्यांनी सकाळपर्यंत माना वर काढल्या.

तेव्हापासून बाऱ्या पोरं सांगायची आणि दार बाबा उघडायचा. कुणाचा मळा मग सुकला नाही. पारावर बाबा रोज हरायचा. आणि कधीतरी खरीखुरी जोडी जुळली, की सगळ्या पोरांपेक्षा मोठ्याने तोच ओरडायचा.

तात्पर्य: थोरांची चूक झाकणं म्हणजे त्यांना मान देणं नव्हे, ती त्यांच्या तोंडावर सांगणं, हाच त्यांचा मान.