भुंगेऱ्याखालची चिठ्ठी

एका जुन्या कीटक-संग्रहालयात एकदा एक वृद्ध संग्रहपाल होते आणि त्यांच्या हाताखाली काम शिकणारी एक शिष्या होती. लाकडी कपाटांत काचेच्या झाकणाचे खण होते आणि खणांत टाचण्यांवर ओळीनं बसवलेले भुंगेरे, चतुर, फुलपाखरं. दूरदूरच्या अभ्यासकांना हे सारं घरबसल्या पाहता यावं म्हणून प्रत्येक कीटकाचं छायाचित्र काढायचं, असं विश्वस्तांनी ठरवलं. ते काम शिष्येकडे आलं. काम पसंत पडलं तर तिची कायमची नेमणूक होणार होती, त्यामुळे तिनं तहानभूक विसरून स्वतःला कामाला जुंपून घेतलं.

आता एक समजून घ्यायला हवं. टाचणीवर कीटक एकटा नसतो. त्याच्या पोटाखाली, त्याच टाचणीत, नखाएवढी एक चिठ्ठी ओवलेली असते. तो कुठे सापडला, कधी सापडला, कुणाला सापडला, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. संग्रहपालांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की फोटोसाठी चिठ्ठी काढायची ती एका वेळी एकच. ती जागेवर परत गेली की मगच पुढच्या कीटकाला हात लावायचा. शिष्येनं मान डोलावली खरी, पण मनात म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना कसली आलीय घाई, घाई विश्वस्तांना आहे. चार दिवसांत तिनं आपली वेगळी रीत बसवली. अख्ख्या खणाच्या चिठ्ठ्या एकदम काढायच्या, फळीवर त्याच क्रमानं मांडायच्या आणि काम संपलं की परत ओवायच्या. पंधरा-वीस खण असे बिनबोभाट पार पडले.

मग हिरव्या भुंगेऱ्यांचा खण आला. चाळीस भुंगेरे, सगळे एकसारखे, काचेच्या बांगडीसारखे चकचकीत. त्यांच्या पाठीवर दिव्याची तिरीप पडू लागली म्हणून तिनं खण उलटा फिरवला. पुढच्या ओळीला पुन्हा सुलटा केला, मग पुन्हा उलटा, आणि फोटो काढून झालेले भुंगेरे त्या फिरवाफिरवीतच खणात परत टोचत गेली. फोटो इतके देखणे आले की तिलाच हरखल्यासारखं झालं. चिठ्ठ्या ओवून झाल्यावर तिची नजर एक पाय तुटलेल्या लंगड्या भुंगेऱ्यावर गेली. त्याची चिठ्ठी तिला सकाळपासून आठवत होती, कारण तिच्यावरचं अक्षर फार सुंदर होतं: ‘वाघझरी, ओढ्याकाठी’. आता त्याच्या पोटाखाली होतं ‘थोरलं पठार’. खण किती वेळा आणि कुठल्या ओळीला फिरवला, काही केल्या तिला आठवेना.

दोन दिवस ती गप्प राहिली. चाळीस एकसारख्या भुंगेऱ्यांत कुणाला काय कळणार, असं तिनं स्वतःला परोपरीनं समजावलं. पण ते भुंगेरे एका शाळामास्तरांनी नव्वद वर्षांपूर्वी एकाच खोऱ्यात पायी हिंडून गोळा केले होते. पुढे तिथे धरण झालं आणि खोरं पाण्याखाली गेलं. कुठल्या ओढ्यावर काय जगत होतं याला त्या चिठ्ठ्यांखेरीज आता कुणीच साक्षीदार नव्हतं. त्यात संग्रहपालांनी तिचे फोटो पाहून तोंड भरून कौतुक केलं, आणि ते कौतुक तिला सहन होईना. विश्वस्त यायच्या आदल्या दिवशी तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं.

संग्रहपाल रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की एकाची तरी खात्री आहे का? तिनं लंगडा भुंगेरा दाखवला. त्यांनी त्याची चिठ्ठी शोधून त्याला दिली. मग कात्री घेऊन कोऱ्या कागदाच्या एकोणचाळीस चिठ्ठ्या कापल्या. शिष्येच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, यांना सगळं तोंडपाठ असणार, आता हे खरी गावं लिहितील. पण त्यांनी टाक तिच्याच हातात दिला आणि सांगितलं, लिही, ‘वरची चिठ्ठी चुकीची असण्याचा संभव. फोटो काढताना अदलाबदल.’ खाली तारीख, आणि तुझं नाव.

“सर, यातल्या निम्म्या तरी बरोबर असतील,” ती काकुळतीनं म्हणाली. “असं लिहिलं तर या भुंगेऱ्यांना किंमत काय उरली?”

“फार थोडी,” संग्रहपाल म्हणाले. “ते नुकसान भरून यायचं नाही, मी तुला खोटा धीर देणार नाही. पण चिठ्ठी हरवली तर एक भुंगेरा हरवतो. चिठ्ठी खोटी असली तर ती वाचणारा प्रत्येक जण वाट चुकतो. तुझे फोटो सुंदर आहेत, मला त्याचीच भीती वाटते. लोक त्यांच्यावर चटकन विश्वास ठेवतील. मास्तरांनी कुठे, कधी, कुणी हे लिहून ठेवलं. चूकसुद्धा कुठेतरी, कधीतरी, कुणाकडून तरी झालेली असते. तिलाही चिठ्ठी हवी.”

तिनं एकोणचाळीस वेळा आपलं नाव लिहिलं आणि प्रत्येक जुन्या चिठ्ठीखाली एक नवी ओवली. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी ते वाचलं, आणि नेमणुकीचा विषय पुढच्या वर्षावर गेला. तिला फार वाईट वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

विश्वस्त गेल्यावर संग्रहपाल उठले आणि त्यांनी एका कोपऱ्यातल्या कपाटातून एक फुलपाखरू काढून तिच्यापुढे ठेवलं.

“याची मूळ चिठ्ठी माझ्या हातून फाटली. मी अंदाजानं एका गावाचं नाव लिहून टाकलं. छत्तीस वर्षं झाली. तीन अभ्यासक त्या गावी जाऊन, रानोमाळ हिंडून, रिकाम्या हातांनी परत आले. तिघांनाही मी इथंच बसवून चहा पाजला, आणि काही बोललो नाही.” त्यांनी एक कोरी चिठ्ठी कापली. “इतकं बारीक आता मला लिहवत नाही. तू लिही.”

“नाव?” तिनं हलकेच विचारलं.

“माझं.”

तिनं लिहिलं. शाई वाळेपर्यंत ते चिठ्ठीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “त्या तिघांपैकी दोघं आता हयात नाहीत. तिसऱ्यांचा पत्ता काढून देशील?”

शिष्या पत्त्यांची वही काढायला उठली.