बिळाच्या तळाची ओल

फार पूर्वी ओढ्याकाठी एका मुंगसाने नवं बीळ खोदलं. त्याच्या बायकोच्या पायांना तळाशी ओल लागली.

"पाणी कुठून झिरपतंय ते आधी शोधा," ती म्हणाली.

"वर कोरडी माती पसरली की झालं," असं म्हणून मुंगसाने माती पसरली.

पिल्लं झाली. पुढे पावसाने ओढा फुगला आणि एका दुपारी तळ फुटून पाणी उसळलं. मुंगूस भोकाला पाठ लावून बसला. बायको एकेक पिल्लू तोंडात धरून बाहेर नेत राहिली. शेवटचं पिल्लू निघालं तेव्हा पाणी मुंगसाच्या गळ्याशी आलं होतं.

दुसरं बीळ त्याने टेकाडावर खोदलं.

"चला आत, पिल्लं गारठलीत," बायको म्हणाली.

"थोडं थांब," मुंगूस म्हणाला. "आधी मी एकटा तळाशी झोपून बघतो. माझं अंग कोरडं राहिलं, तरच त्यांना आण."