बकुळा आणि फाटलेला ढोल

एक होती बकुळा. तिचे बाबा कल्हईवाले. गावोगाव फिरायचं, भाता फुंकायचा, काळवंडलेली भांडी लखलखीत करायची आणि भाकरी कमवायची, असा बापलेकीचा संसार. पण एकदा भर रानात भात्याचं कातडं टर्रकन फाटलं. भाता नाही तर जाळ नाही, जाळ नाही तर कल्हई नाही, मग भाकरी कुठली? दोन दिवस दोघांनी पाण्यावर काढले.

तिसऱ्या दिवशी ती दोघं माडिया आदिवासींच्या एका गावात पोचली. गावात पंडुम होता, नव्या आंब्याचा सण!

"या जी पाहुणे, आज आमच्यासंगं नाचा!" गावातल्या रामेआत्यानं पानाच्या द्रोणात आंबील दिली. "पण ढोल वाजून देवाला आंबा दिल्याबिगर कोणी चाखत नाई बरं."

आंबे वेचायला बकुळाही टोपली घेऊन निघाली. आमराईत पिवळे, केशरी, शेंदरी आंबे नुसते लटलट डोलत होते. एक पिकलेला आंबा टप्पकन तिच्या ओंजळीत पडला. काय त्याचा घमघमाट! तोंडाला पाणी सुटलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. पण ज्यांची आंबील प्यालो, त्यांची रीत मोडायची कशी? बकुळानं आंबा टोपलीत ठेवून दिला.

तेवढ्यात पानांतून इवलीशी परी खाली उतरली. आंब्याच्या कोवळ्या तांबूस पानांचे पंख, केसांवर मोहोराची सोनेरी भुकटी.

"शहाणी माझी बकू!" ती किणकिणली. "एक इच्छा देते तुला. एकच हं! दिवस मावळायच्या आत मागायची. आणि मनातल्या मनात नाही, सगळ्यांसमोर मोठ्यानं."

"मी नवा भाता मागणार!" बकुळानं टुणकन उडी मारली आणि गावाकडे धूम ठोकली.

अंगणात गावचे ढोलवाले डुंगाकाका जाळाशी ढोल शेकत बसले होते. ऊब लागली की कातडं ताणलं जातं आणि ढोल छान घुमतो. "पोरी, जरा लक्ष ठेव. मी फुलं घेऊन येतो. ऊब मंदच राहू दे," म्हणाले आणि गेले.

पण ही पडली कल्हईवाल्याची लेक! मंद जाळ तिला बघवेना. फू, फू करून तिनं असा जाळ फुलवला, की फट्ट! ढोलाचं कातडं चिरलं.

सारं गाव धावलं. "डुंगा, ढोल असा सोडून जातात का?" रामेआत्या कडाडली. "नवं कातडं वाळायला तीन दिवस लागतील. आजचा पंडुम कसा व्हायचा?" चिमुकली पोरं आंब्यांकडे बघून मुसमुसू लागली. डुंगाकाकांनी सारे बोल आपल्यावर घेतले. पाहुण्या पोरीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

सूर्य डोंगराला टेकला होता. बकुळानं बाबांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. तिला फार फार वाईट वाटलं. भाता मागावा की नाही? पण ती ताठ मानेनं पुढे आली.

"काकांना बोलू नका. जाळ मी वाढवला," ती मोठ्यानं म्हणाली. "परी, परी, ढोल नीट कर!"

झगमग झगमग सोनेरी चुरा उडाला. चीर मिटली! डुंगाकाकांनी थाप मारली, धुम्म! देवाला आंबा दिला गेला, पोरं हसली, आणि हातात हात गुंफून सारं गाव नाचू लागलं. बकुळा सगळ्यात पुढे.

नाच थांबल्यावर डुंगाकाकांना बाबांच्या सामानातला फाटका भाता दिसला आणि त्यांनी तो हातात घेतला. "एवढंच? अगं, ढोल मढवणारे हात आहेत माझे! तुझ्यामुळे ढोलाचं जादा कातडं माझ्याकडे तसंच राहिलं. तीन दिवसांत भाता नवा करून देतो. तोवर राहा आमच्याकडे. मग गावाची भांडी आहेतच तुमच्यासाठी."

बाबांचे डोळे भरून आले. "बकू," ते एवढंच म्हणाले.

वर फांदीवर परी खुदकन हसली. "बघ, भाता तर माझ्यावाचूनच मिळाला!" तिनं एक गिरकी घेतली आणि केशरी उजेडात ती विरघळून गेली. बकुळानं तिला निरोपाचा हात केला. नव्या आंब्याचा रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता.